तुमचे प्रश्न : हाजी मोठा की लुचेस्कू?

मागच्या अंकात बोलता बोलता मिर्चा लुचेस्कूचं नाव घेतलं आणि पुढे गेलो. मला वाटलं कोण विचारतंय रोमानियाच्या फुटबॉल कोचबद्दल, आपल्याकडे टेनिस बॉल क्रिकेटमधनं वेळ मिळाला तर ना. पण पत्रं आली, व्हॉट्सॲप तर भरूनच गेलं. त्यात इकडे पाऊस असा लागलाय की दोन दिवस लाईट नाही, मोबाईलची बॅटरी पुरवून पुरवून तुमचे प्रश्न वाचलेत. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, राग मानू नका.

आमच्या जेटीवर पैज लागलीये. मी म्हणतो रोमानियाच्या जुन्या प्लेअरमधला सगळ्यात मोठा कोच हॅगी, मित्र म्हणतो लुचेस्कू. पैज दोन किलो पापलेटची आहे तेव्हा विचार करून सांगा. (एक वाचक, मिरकरवाडा, रत्नागिरी)

दादा, मासेमारी बंदीच्या दिवसात पापलेटची पैज लावता म्हणजे धाडस आहे तुमचं. आणि हरलात.

आधी एक, ते हॅगी नाही, हाजी. कॉमेंटरीवाले काहीही म्हणोत, रोमानियन उच्चार 'हाजी'च, आणि ते आडनाव यात्रा करून आलेल्या माणसावरनंच पडलंय, म्हणजे आपल्याकडे म्हणतात त्याच अर्थाने. खेळाडू म्हणून हाजीच्या जवळपास कोणी नाही, तिथे वादच नको. कोच म्हणूनही तो कमी नाही, इस्तंबूलच्या गलातासरायला २००५ चा टर्किश कप त्याने जिंकून दिला आणि तोही फायनलमध्ये फेनरबाचेला ५-१ झोडून. मग २००९ साली त्याने स्वतःच्या गावाकडे, काळ्या समुद्राकाठी कॉन्स्टान्त्साजवळ, विटोरुल नावाचा क्लब काढला, पोरांची अकॅडमी काढली आणि २०१७ ला त्याच पोरांना घेऊन रोमानियाची लीग मारली. पुढे क्लब फारुलमध्ये विलीन झाला, २०२३ ला परत लीग. समुद्रकाठच्या माणसाने समुद्रकाठी राहून केलेलं काम म्हणून मला त्याचं कौतुक थोडं जास्तच आहे, कबूल.

पण लुचेस्कूचा हिशोब वेगळाच आहे हो. रोमानिया, इटली, टर्की, युक्रेन, रशिया, पाच देशांत त्याने कोचिंग केलं. नुसत्या युक्रेनच्या शाख्तार दोनेत्स्कमध्ये १२ वर्षांत २२ ट्रॉफ्या. चॅम्पियन्स लीगच्या शंभर मॅचेस कोच म्हणून पूर्ण करणाऱ्यांची यादी काढलीत तर फर्ग्युसन, वेंगर, अँचेलोटी, मोरिन्यो आणि मग हा. आणि ज्या हाजीवर तुम्ही पैज लावलीत ना, त्याला १९८३ साली १८ व्या वर्षी रोमानियाच्या टीममध्ये पहिल्यांदा उतरवला कोणी? लुचेस्कूनेच. विशीत कॅप्टनपण केलं. पापलेट पाठवून द्या मित्राकडे.

मी शाळेत पीटी घेतो. चांगला खेळाडू चांगला कोच होतोच असं नाही, असं मी मुलांना सांगतो. लुचेस्कू स्वतः कसा खेळायचा? (एक शिक्षक, गुहागर)

सर, चांगला खेळायचा, पण पेले नव्हता. विंगर, बुखारेस्टच्या दिनामोचा. १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपला तो रोमानियाचा कॅप्टन होता, ३२ वर्षांनी देश वर्ल्ड कपला पोचलेला आणि गट बघा कसा मिळाला, इंग्लंड, ब्राझील, चेकोस्लोव्हाकिया. इंग्लंडकडून १-० हरले, चेकोस्लोव्हाकियाला २-१ हरवलं, आणि त्या ब्राझीलला, जे पुढे वर्ल्ड कप घेऊन गेले, ३-२ पर्यंत झुंजवलं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र त्याच्या पुढच्या गोष्टीत आहे. मार्च १९७७ मध्ये बुखारेस्टला भूकंप झाला, दीड हजाराच्या वर माणसं गेली. आपल्याकडे चिपळूण भागात १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांना आठवतो त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल, घर उभं असलं तरी आत झोपायचा धीर होत नाही महिनोन् महिने. त्या भूकंपानंतर लुचेस्कूने बायकोपोराला घेऊन राजधानी सोडली आणि हुनेदोआरा नावाच्या गावातल्या कॉर्विनुल क्लबकडे गेला. पोलादाच्या कारखान्याचं गाव, धूर, भट्ट्या, राजधानीत एवढं नाव काढलेला माणूस तिथे का जाईल असंच सगळ्यांना वाटलं असणार. १९७९ ला टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली आणि मग हाच खेळाडू आणि हाच कोच, दोन्ही एकदम. पैसा नाही, मोठी नावं कोणी यायला तयार नाही, मग करणार काय, आजूबाजूची पोरं उचलली. मिर्चा रेडनिक, इओन अँडोने, मिखाएल क्लाइन, सगळे विशीच्या आगेमागे. एका वर्षात परत वर, आणि १९८२ ला लीगमध्ये तिसरा नंबर. त्यातली पोरं पुढे थेट देशाकडून खेळली.

म्हणजे सर, जवळ काही नसताना जे जमलं तेच त्याने नंतर आयुष्यभर केलं, पैसेवाल्या क्लबातसुद्धा. मला तरी त्याच्या सगळ्या कारकिर्दीची किल्ली हुनेदोआरातच सापडते, इस्तंबूल-बिस्तंबूल नंतर.

मग देशाचा कोच कधी झाला? (वरच्याच सरांनी खाली बारीक अक्षरात विचारलंय)

कॉर्विनुलला असतानाच, १९८१ ला, वय ३६. १९८४ च्या युरो कपसाठी गटात इटली होती, नुकतीच १९८२ चा वर्ल्ड कप जिंकून आलेली, पाओलो रॉसी, डिनो झॉफ, सगळा लवाजमा. फ्लॉरेन्सला त्यांना ०-० रोखलं आणि एप्रिल १९८३ ला बुखारेस्टमध्ये १-० हरवलं, गोल बोलोनीचा. वर्ल्ड चॅम्पियन घरी बसले आणि रोमानिया युरोला गेली. तिथे फार काही दिवे लावले नाहीत, पहिल्याच फेरीत बाहेर, पण तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की हा माणूस वेगळा आहे. नंतर दिनामोचा कोच झाला, १९९० ला लीग आणि कप दोन्ही घेतले, त्याच सीझनला युरोपच्या कप विनर्स कपच्या सेमीफायनलपर्यंत गेले.

पिर्लोला यानेच शोधला म्हणतात ते खरं का? माझा इटलीचा अभ्यास चालू आहे (म्हणजे यूट्यूबवर). (कॉलेजविद्यार्थी, सावंतवाडी)

शोधला म्हणजे काय, पिर्लो इटलीतल्या ब्रेशा क्लबच्याच ज्युनिअर टीममध्ये होता, हरवला नव्हता कुठे. पण पंधरा-सोळा वर्षांच्या त्या किडकिडीत पोराला मोठ्यांबरोबर सरावाला घ्यायची अक्कल लुचेस्कूची. मे १९९५ ला, सोळावा वाढदिवस होऊन दोन दिवस झालेले, आणि पिर्लो सेरी आ, म्हणजे इटलीची सगळ्यात वरची लीग, खेळला.

लुचेस्कू इटलीत आधी पिसाला होता, मग ब्रेशा. ब्रेशात त्याने आपल्या गाववाल्यांची वसाहतच केली, हाजी, राडुचोयु, सबाउ, माटेउत्स. लोक चेष्टेने टीमला ब्रेशा रोमेना म्हणायचे. वर चढायचे, खाली यायचे, परत वर चढायचे. हाजी तर रियल माद्रिदहून आलेला, आणि टीम खाली गेली तरी सेरी बी (खालची लीग) खेळला याच्यासाठी, हे लिहून ठेव. १९९४ ला वेम्बलीवर अँग्लो-इटालियन कप पण जिंकले, नॉट्स काउंटीला १-० हरवून, आज ती स्पर्धा कोणाला आठवतही नाही.

इंटर मिलानचं विचारू नकोस. डिसेंबर १९९८ ते मार्च १९९९, संपलं. त्या सीझनला इंटरने चार कोच बदलले, आपल्याकडे एसटी स्टँडवर बस बदलतात तसे.

दोनेत्स्कसारख्या थंड ठिकाणी ब्राझीलची पोरं कशी काय टिकली? आम्ही बोटीवर माणसं टिकवताना मेटाकुटीला येतो. (बोटमालक, हर्णै)

काका, हा प्रश्न वाचून मी जागेवरनं उठलो. सगळ्यात बेस्ट प्रश्न हा.

दोनेत्स्क म्हणजे कोळशाच्या खाणींचं शहर, शाख्तार या शब्दाचा अर्थच खाणकामगार. हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली. लुचेस्कू तिथे २००४ ला आला. मालकाकडे पैसा होता, पण युरोपातला तयार हिरो तिकडे जाईना, पैसे देऊनसुद्धा. मग त्याने काय केलं, १९-२० वर्षांची ब्राझिलियन पोरं आणायला सुरुवात केली. फर्नांडिन्यो २००५ ला आला तेव्हा विशीचा. विलियन १९ चा. डग्लस कोस्टा १९ चा. लुईझ आद्रियानो, जाडसन, इल्सिन्यो, नंतर आलेक्स टेक्सेरा, फ्रेड. मागे भक्कम बचाव युक्रेनी आणि पूर्व युरोपच्या माणसांचा, क्रोएशियाचा स्रना कॅप्टन, आणि पुढे ही नाचणारी पोरं.

आता टिकली कशी. काका, तुमच्या बोटीवर नेपाळी खलाशी असतील, हल्ली आपल्या बंदरांत बहुतेक बोटींवर असतातच. मी बघितलेला एक तांडेल (बोटीवरचा मुख्य) आहे, आमच्याच बंदरातला, तो त्या पोरांशी मोडकंतोडकं नेपाळी बोलतो, दशैंला (त्यांचा दसरा) सुट्टी देतो, घरी फोन लागला की बोटीवर सगळ्यांना गप्प करतो. त्याची माणसं दर वर्षी त्याच्याकडेच परत येतात, बाजूच्या बोटीवर पाचशे जास्त मिळत असले तरी. लुचेस्कू तसाच तांडेल. पोरांना रशियन शिका म्हणून ओरडत बसला नाही, स्वतः पोर्तुगीज बोलायला लागला. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश त्याला येतच होतं. आणि एकटं पोर आणलं नाही, घोळक्याने आणली, म्हणजे जेवताना बोलायला कोणीतरी हवंच ना. तिसरी गोष्ट, चुकलं तरी खेळवत राहिला. वर्षभर बाकावर बसवलं असतं तर थंडीनेच पळाली असती.

२० मे २००९, इस्तंबूल, यूएफा कपची फायनल, त्या नावाने झालेली शेवटची. समोर जर्मनीची वेर्डर ब्रेमेन. शाख्तारच्या अकरात पाच ब्राझिलियन. पहिला गोल लुईझ आद्रियानो, मग ब्रेमेनच्या नाल्दोने फ्रीकिकवर बरोबरी केली (तोही ब्राझीलचाच, काय बोलणार), आणि एक्स्ट्रा टाइममध्ये जाडसन. २-१. स्वतंत्र युक्रेनच्या क्लबने जिंकलेला पहिला युरोपियन कप. सेमीफायनलला तर दिनामो कीव्हलाच काढलं होतं, ते पुढच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा.

मग २०१४ ला युद्ध आलं. दोनबास अरेना नावाचं २००९ ला बांधलेलं झकास स्टेडियम सोडून टीमला निघावं लागलं, राहायचं कीव्हमध्ये आणि घरच्या मॅचेस ल्वीवला, दोनेत्स्कपासून हजारेक किलोमीटर, म्हणजे मुंबईहून सावंतवाडीला जाऊन परत येण्याएवढं, आणि हे 'होम ग्राउंड'. त्या जुलैत फ्रान्सला मैत्रीची मॅच खेळून झाल्यावर सहा जणांनी परत यायलाच नकार दिला, डग्लस कोस्टा, टेक्सेरा, फ्रेड, डेंटिन्यो, इस्माइली आणि अर्जेंटिनाचा फेरेरा. त्यांना नावं ठेवणार नाही मी, तिथे तोफा चालू होत्या. पण काका, परत आली ती ब्राझीलची पोरं. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये लुईझ आद्रियानोने चॅम्पियन्स लीगच्या एका मॅचमध्ये बेलारूसच्या बाटे क्लबला पाच गोल मारले. घर नसलेली टीम ही. २०१६ ला युरोपा लीगच्या सेमीपर्यंत गेली आणि मग लुचेस्कू तिथून निघाला, झेनितला, रशियात, तिथे एक वर्षच.

आता शाख्तारमध्ये पैसा नव्हता असं म्हणू नका, भरपूर होता. पण पैसे ओतून माणसं फुकट घालवलेले क्लब मी तुम्हाला डझनभर दाखवतो.

एवढं सगळं करून मग दुश्मनाकडे का गेला? आमच्याकडे असं कोणी केलं तर शिमग्याला त्याच्या नावाने बोंब मारतील. (चार मित्र, देवगड)

मारलीच बोंब! जुलै २०२० ला लुचेस्कूला दिनामो कीव्हने घेतलं, वय ७५ ला टेकलेलं, आणि दिनामोचे कट्टर फॅन खवळले, कारण १२ वर्षं हाच माणूस समोरच्या बाकावर बसून त्यांना हरवत होता. चारच दिवसांत 'मी चाललो' असं जाहीर केलं त्याने. आणि मग गेला नाहीच, राहिला. ऑगस्टमध्ये सुपर कपला शाख्तारला ३-१ मारलं, आणि सीझन संपताना लीग आणि कप दोन्ही दिनामोचे, लीग तर पाच वर्षांनी. बोंब मारणारे कुठे गेले विचारू नका.

पण गंमत अशी की ही त्याची पहिली वेळ नव्हतीच. दिनामो बुखारेस्टचा माणूस, जन्म काढला तिथे, आणि मग त्याच शहरातल्या रॅपिडला जाऊन कप जिंकून दिला. इस्तंबूलला गलातासरायचा कोच होता, २००० ला आल्याआल्या युरोपच्या सुपर कपला रियल माद्रिदला २-१ पाडलं, दोन्ही गोल जार्देलचे, दुसरा गोल्डन गोल (एक्स्ट्रा टाइममध्ये पहिला गोल झाला की तेव्हा मॅच तिथेच संपायची), २००२ ला लीग जिंकून दिली. लीग जिंकली आणि त्यांनी सोडलं त्याला. तर साहेब त्याच शहरातल्या बेशिक्ताशकडे गेले आणि २००३ ला, बेशिक्ताशला बरोब्बर शंभर वर्षं झाली त्या साली, लीग त्यांना जिंकून दिली. दोन वर्षांत एकाच शहरातल्या दोन दुश्मनांना चॅम्पियन केलं. वाडीच्या अभिमानावर चालणारा माणूस नव्हता तो. मला स्वतःला हे थोडं खटकतं, मी वाडीवालाच आहे, पण ट्रॉफी बघितली की तोंड बंद.

२०२२ ला युद्ध कीव्हपर्यंत आलं तेव्हा त्याने परदेशी खेळाडूंना बाहेर काढायला मदत केली, टीमने युरोपच्या 'घरच्या' मॅचेस पोलंडमध्ये वुजला खेळल्या. दुसऱ्यांदा तीच गत, घर सोडा आणि खेळा. नोव्हेंबर २०२३ ला शाख्तारकडूनच १-० हरल्यावर दिनामो सोडलं. हरवलं कोणी बघा.

आमचो झील रात्रभर मोबाईलवर फुटबॉल बघता, अभ्यासाचा नाव नाय. तुमी अशी कौतुकां लिवतात आणि पोरां बिघडतत. (एक आई, मालवण)

ताई, माफी. पण झिलाक एक सांगा, ह्या लुचेस्कूने खेळता खेळता अर्थशास्त्राची डिग्री घेतली होती, बुखारेस्टला. आणि दौऱ्यावर गेला की पोरांना हॉटेलात झोपा काढू न देता म्युझियम दाखवायला न्यायचा, त्यासाठी तो प्रसिद्धच आहे. म्हणजे तुमच्या मुलाला तो कोच मिळाला असता तर मोबाईल पहिला गेला असता. रात्री बारानंतर वायफाय बंद करा, मॅच दुसऱ्या दिवशी हायलाइटमध्ये दिसते.

झटपट

*पुण्याला एक रोमानियन आलेला ना आयएसएलला (इंडियन सुपर लीग), तो पण कोच झाला का? (खेड)*
अद्रियान मुतू. २०१५ ला एफसी पुणे सिटीकडून खेळला, मी बालेवाडीला मुद्दाम गेलो होतो, पळत नव्हता फार पण पाय बघण्यासारखा. हो, कोच झाला, रोमानियाची २१ वर्षांखालची टीम, रॅपिड, क्लुज, बाकूचं नेफ्ची, सगळीकडे थोडा थोडा वेळ. मुक्काम काही कुठे जमला नाही.

*मी अल ऐनला कामाला आहे, इकडे एका रोमानियन कोचचं नाव सगळे काढतात. (मूळ गाव श्रीवर्धन)*
कॉस्मिन ओलारोयू. अल ऐनला लागोपाठ दोन लीग, २०१२ आणि २०१३, मग उठून दुबईच्या अल अहलीकडे आणि २०१४ ला तिथेही लीग. देवगडच्या मित्रांनो, वाचताय ना? २०१५ ला अल अहलीला आशियाच्या फायनलपर्यंत नेलं, ग्वांगझूकडून हरले. २०२० ला चीनची लीग पण मारली, जियांग्सूबरोबर. तिकडच्या आपल्या लोकांना नमस्कार सांगा, आंबा पोचला का?

*मी ७३ वर्षांचा आहे, मुलं म्हणतात बागेत आता जाऊ नका. लुचेस्कूने कितव्या वर्षी थांबायचं ठरवलं? (बागायतदार, आंजर्ले)*
आजोबा, ऑगस्ट २०२४ ला त्याने रोमानियाची राष्ट्रीय टीम परत हातात घेतली. पहिल्यांदा घेतली तेव्हा ३६ चा, आणि या वेळी ७९ चा. हे मुलांना दाखवू नका, मला शिव्या पडतील. आणि झाडावर मात्र चढू नका.

*त्याचा मुलगा पण कोच आहे म्हणे. बाप-लेक कधी समोरासमोर आले का? (वडील आणि मुलगा, दोघे कॅरमवाले, वेंगुर्ला)*
आले की. मुलगा रझवान, गोलकीपर होता, पुढे कोच म्हणून ग्रीसच्या पाओकला २०१९ ला एकही मॅच न हरता लीग जिंकून दिली. पण तुम्ही विचारताय ती मॅच त्याच्या आधीची, २००५ ची, यूएफा कपचा गट, दोनेत्स्कला. बाप शाख्तारच्या बाकावर, मुलगा रॅपिड बुखारेस्टच्या, वय ३६, बाप देशाचा कोच झाला होता तेवढंच. मुलगा जिंकला. १-०.